हेल्मेटवाले अप्पा, जि. उदगीर

अप्पांच्या दुकानाची पाटी धडधडीत खोटी होती. वर मोठ्या अक्षरांत 'येथे सर्व प्रकारची हेल्मेट मिळतील' असं लिहिलेलं, आणि बाजारात मिळणाऱ्या हेल्मेटांपैकी निम्मी तर अप्पा दुकानात शिरूच देत नसत. खाली पत्ता होता, 'जि. उदगीर'. उदगीर हा लातूर जिल्ह्यातला तालुका आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. वेगळा जिल्हा होणार, होणार म्हणून मोर्चे निघायचे, एखादा दिवस बाजारपेठ बंद राहायची आणि पुन्हा सगळं गार पडायचं. अप्पांना वाट बघायचा कंटाळा आला असावा. त्यांनी आपल्यापुरता जिल्हा करून टाकला होता. पावतीपुस्तकावरसुद्धा तेच छापलेलं. कुणी टोकलं तर म्हणायचे, "पुढच्या साली व्हायचाच हाय की. तवा पुन्ना पेंटर कुठं हुडकत बसू?"

पाटीवर एवढं बिनदिक्कत खोटं लिहिणारा हा माणूस हेल्मेटच्या बाबतीत मात्र हरिश्चंद्राचा अवतार होता. त्या अवताराचा मला फार त्रास झाला.

मी तेव्हा लातूरला एका तंत्रनिकेतनात शिकवत होते. शिक्षण नांदेडजवळ विष्णुपुरीला झालं होतं, आणि तिथेच मोटरसायकलचं वेड लागलं. घरचे फोनवर लग्नाचा विषय काढायचे, मी रेस ट्रॅकचा काढायची, मग दोघंही फोन ठेवायचो. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दोन दिवसांची शाळा असते. गाडी तिथे भाड्याने मिळते, चामड्याचा सूटही मिळतो. हेल्मेट मात्र ज्याचं त्याने आणायचं, आणि साधंसुधं चालत नाही. हेल्मेट तपासणीत नापास झालं तर माणूस बाहेर. माझा नंबर त्या उन्हाळ्यात लागला होता. लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो हा उन्हाळा.

लातूरच्या दुकानदाराने चार हेल्मेटं दाखवली आणि कंटाळून म्हणाला, "मॅडम, असलं काही पाहिजे असंल तर उदगीरला जावा. एक येडं म्हातारं हाय तिथं."

येडं म्हातारं दुकानात नव्हतं. मी बाहेर थांबले तेवढ्यात रस्त्याने एक जुनी मोपेड आली. वर धोतर नेसलेला माणूस, गळ्यात लिंगायतांची इष्टलिंगाची चौकट आणि डोक्यावर ट्रॅकवरचे लोक घालतात तसं काळं, पूर्ण बंद, महागडं हेल्मेट. गाडीचा वेग एवढा की शेजारून एक कुत्रं आरामात चालत होतं. गाडी दुकानापुढे लागली. त्यांनी गळ्याखालचा दोन कड्यांचा पट्टा सोडवला, हेल्मेट दोन्ही हातांनी उतरवलं, खाली फरशीवर ठेवलं आणि मग कनवटीची डबी काढून कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. मी बघत होते म्हणून म्हणाले, "आधी इभूत लावली तर अस्तर पांढरं होतंय."

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "स्कार्फ काढा."

आमच्या भागाची ही एक जुनी खोड आहे. ऊन असं असतं की पुरुष डोक्याला दस्ती गुंडाळतात, म्हणजे मोठा हातरुमाल, आणि बायका डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये बांधून घेतात. त्यावर हेल्मेट. त्यामुळे हेल्मेट घेताना जो तो एक माप मोठं घेतो. दस्तीची जागा धरूनच घेतो. दुष्काळात तर हे फारच वाढलं होतं, कारण घामट अस्तर धुवायला पाणी कुणाकडे होतं? मीही आयुष्यभर तेच केलं होतं आणि त्यात काही चूक आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

"हेल्मेट डोक्याला घ्यायचं का दस्तीला?" अप्पा विचारायचे. "पडल्यावर दस्ती निसटती. मग हेल्मेट निसटतंय. मग डोकं आन् रस्ता, दोघंच उरत्यात."

हे वाक्य त्या दुकानात मी पुढे पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यावर गिऱ्हाईक उठून जायचं. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. रस्त्याकडेला मिळतं तसलं पातळ टोपडं दंड चुकवण्यापुरतं मागणारा कुणी आला, तर ते गंभीरपणे सांगत, "त्ये आमच्याकडं एकच हाय, पण घरच्यांच्या वापरात हाय." खरंच होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आक्कांनी, तसलं एक टोपडं ज्वारीच्या पोत्यात माप म्हणून ठेवलेलं होतं.

अप्पांकडे हेल्मेट घेणं म्हणजे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखं होतं, फक्त बघितलं जायचं ते डोकं. आधी टेपने माप. मी बाई असल्यामुळे अप्पा डोक्याला हात लावेनात. त्यांनी आत हाक मारली आणि आक्का टेप घेऊन आल्या. अप्पा पाठ करून उभे राहिले आणि भिंतीकडे बघत सूचना देऊ लागले. "भिवईच्या वर बोटभर धर. कानाच्या वरून ने. यिणी आडवी येऊन राहिली का?" आक्कांनी माझी वेणी बाजूला केली, आकडा वाचला आणि हसायलाच लागल्या.

"अगं बया! ह्येंचंच माप हाय की. फरक न्हाई दोऱ्याचा!"

"काय सांगतीस?" अप्पा वळले. मग स्टुलावर चढून त्यांनी माझं डोकं वरून बघितलं. मी आयुष्यात इतकी अवघडले नसेन. "लांब हाय," ते समाधानाने म्हणाले. "लोकायची डोकी खरबुजावानी गोल. आपलं नारळावानी. बाजारात समदी हेल्मेटं खरबुजाची. आपल्याला लई दिक्कत."

'आपल्याला' म्हटलं त्यांनी. चाळीस वर्षं संसार केलेल्या आक्का म्हणाल्या, "म्हंजी येडेपण मापातच असतंय म्हना."

त्या दिवशी त्यांनी मला एक हेल्मेट घालायला दिलं आणि शेजारी गजराचं घड्याळ ठेवलं. तासभर उतरवायचं नाही. मी पोत्यावर बसले. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, कूलर होता पण त्यात घालायला पाणी नव्हतं. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. आक्कांनी रिकामी बसू नये म्हणून माझ्यापुढे शेंगा फोडायला ठेवल्या. अप्पा मधूनच प्रश्न विचारायचे, कुठल्या गावच्या, वडील काय करतात. मी उत्तर देताना आतून गाल चावले जात होते. "चावू द्या," ते म्हणाले. "नवं हेल्मेट थोडं चावलंच पाहिजे. गालाला चावलेलं चालतंय, कपाळाला न्हाई."

गजर झाला. हेल्मेट काढलं. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग होता.

"न्हाई देत," अप्पा म्हणाले.

"अप्पा, एवढंसं दुखतंय. मी सहन करीन."

"तासाला डाग हाय. दोन दिवसांत डोकं फुटंल. वळणावर ध्यान कपाळाकडं जाईल का रस्त्याकडं?"

सकाळपासून दुकानात आलेलं मी एकच गिऱ्हाईक होते, आणि हा माणूस घ्यायला तयार असलेलं हेल्मेट द्यायला तयार नव्हता. मला राग आला. मी म्हटलं, "मग तुमच्या डोक्यावरचंच द्या की. एकच माप आहे ना?"

 आक्का एकदम शेंगांकडे बघायला लागल्या. अप्पांनी ते काळं हेल्मेट फरशीवरून उचललं आणि आत लोखंडी कपाटात ठेवून आले.

त्याची गोष्ट मला आक्कांनी सांगितली, अप्पा शेजारच्या दुकानात सुटे पैसे आणायला गेले तेव्हा.

अप्पा पंचेचाळीसचे असताना त्यांनी त्याच ट्रॅकवरच्या शाळेत नाव घातलं होतं. खानदानी भुसार दुकान मोडून हेल्मेटचं दुकान काढलं तेव्हाच लोकांनी त्यांच्यावर पाणी सोडलं होतं, त्यामुळे चेन्नईचं ऐकून कुणाला नवल वाटलं नाही. बंगळुरूहून भारी हेल्मेट मागवलं. हैदराबादच्या गाडीत बसले. हेल्मेट वरच्या फळीवर ठेवलं. विकाराबादच्या अलीकडे गाडीने हिसका दिला आणि हेल्मेट खाली पडलं. डब्यात सगळे डुलक्या घेत होते. हेल्मेटवर साधा चरासुद्धा आला नव्हता. अप्पा विकाराबादला उतरले आणि परतीच्या गाडीने घरी आले.

"म्या म्हनलं, आवो, कुणी बघितलं न्हाई, कुठं काय झालं न्हाई," आक्का म्हणाल्या. "तर म्हनले, म्या बघितलं की."

हेल्मेटचं असं असतं. बाहेरून काही दिसत नाही, आतलं थर्माकोल एकदाच मार खातं. दुसऱ्या वेळेला ते आपल्याला वाचवेलच असं नाही. हे मलाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि विकाराबादला उतरणं यात फरक आहे.

पडलेलं हेल्मेट त्यांनी फोडून टाकलं आणि नवं घेतलं. म्हणायचे, पुढच्या साली जाऊ. पण कधी आक्कांचं दुखणं, कधी दुष्काळ, कधी दुकान. हेल्मेटचं आयुष्य पाच वर्षं. पाच वर्षं झाली की अप्पा जुनं फोडायचे, तसंच नवं मागवायचे आणि कपाटात ठेवायचे. आता चौथं चालू होतं, वर्षाच्या आतलं. मधल्या काळात ते मोपेडवर घालून सवय ठेवायची. "पट्टा झोपेतबी लावता आला पायजे," म्हणायचे. मी ऐकत होते आणि मला, खरं सांगते, मघाच्या बोलण्याची लाज वाटत होती.

अप्पांनी माझ्यासाठी अगदी तसलंच हेल्मेट बंगळुरूहून मागवलं. ते आल्यावर पुन्हा गजराचं घड्याळ, पुन्हा शेंगा. कपाळ कोरं निघालं. मग आक्कांनी पाठीमागे उभं राहून हेल्मेटची मागची कड धरली आणि ते पुढे लोटून निसटतंय का बघितलं. मान वाकली, हेल्मेट हललं नाही. "आता कुठंबी जा," अप्पा म्हणाले. निघताना त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "सीटवर ठेवायचं न्हाई, आरशाला अडकवायचं न्हाई, टेबलावर न्हाई, फळीवर न्हाई. जमिनीवर ठेवायचं. जमिनीवरून काय पडत न्हाई, माय."

मी आठवडाभर ते जमिनीवर ठेवलं.

पण लातूरच्या त्या उन्हाळ्यात घरात जमीन कुठे उरली होती? माझ्या खोलीत आणि पुढच्या व्हरांड्यात पाण्याची पिंपं, घागरी, बादल्या, डबे. माणसं भांड्यांमधून वाट काढत चालायची. पिंपांची झाकणं म्हणजे आमची टेबलं झाली होती. पेपर त्यावर, भाजी त्यावर, चहा त्यावर. निघायच्या दिवशी बॅग भरताना मी हेल्मेट कधी पिंपाच्या झाकणावर ठेवलं, मला आठवतच नाही. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न झाला. टँकर आला की माणसं जेवत्या ताटावरून उठायची. घरमालकीणबाई पाइप घेऊन धावत आल्या, "झाकण काढा, झाकण काढा," म्हणत त्यांनीच झाकण ओढलं, आणि हेल्मेट शहाबादी फरशीवर पडलं.

तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाईंनी बिचाऱ्यांनी पाणी सोडून ते आधी उचललं, पदराने पुसलं. "काय झालं न्हाई बगा. चरासुदिक न्हाई." खरोखर नव्हता. मी ते पिशवीत घातलं, पिंप भरून घेतलं आणि स्टेशनवर गेले.

जाताना सगळी कारणं मी तयार केली. उंची कितीशी होती, जेमतेम तीन फूट. तपासणारा माणूस बाहेरूनच बघणार. माझा नंबर पुन्हा लागायला वर्ष गेलं असतं, आणि वर्षभरात घरच्यांनी काय काय ठरवलं असतं कोण जाणे. तिकडे पलीकडच्या रुळावर पाण्याच्या टाक्यांची गाडी उभी होती, पोलीस पहाऱ्याला. मी बाकावर बसले, हेल्मेट पायाशी जमिनीवर ठेवलं, आता ठेवून काय उपयोग होता म्हणा, आणि अप्पांना फोन लावला. का लावला? ते 'जा' म्हणतील अशी वेडी आशा होती बहुतेक.

"अप्पा, पडलं."



"कशावरून?"

"पिंपावरून. टँकर आला होता. पण चरा नाहीये अप्पा. कुणाला..."

"रडून राहिलीस का?"

"नाही," मी रडत म्हणाले.

"गाडी कवा निघती?"

"दहा मिनिटांत. पण मी परत चाललेय घरी."

"घरी जाऊ नको. गाडीत बैस. उदगीरला गाडी तीन मिनिटं थांबती. दारात हुबी र्‍हा." आणि फोन बंद.

उदगीर येईपर्यंत मी दारातच उभी होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला अप्पा दिसले. धोतर एका हाताने वर धरलेलं, छातीशी ते काळं हेल्मेट, आणि मागून आक्का, गाडीबरोबर धावायचा प्रयत्न करताना. गाडी थांबली. अप्पांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. माझं पिशवीतलं काढून घेतलं, उलटं करून आत बघितलं, आणि काखेत मारलं.

"अप्पा, हे तुमचं आहे. तुम्हाला जायचंय."

"माप एकच हाय," ते म्हणाले. धाप लागली होती. "पट्टा दोनी कड्यांतून घाल, मग एका कडीतून माघारी."

"मला माहितीये, पण..."

"यिणी खाली सोड. बांधू नको." आक्कांनी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आत टाकली. गाडी हलली. अप्पा दोन पावलं बरोबर चालले आणि खिडकीवर हात मारून म्हणाले, "जमिनीवर ठेव!"

हैदराबादपर्यंत आणि तिथून पुढे चेन्नईपर्यंत ते माझ्या दोन पायांच्या मध्ये होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, वर ठेवा की. मी नाही म्हटलं.

तपासणाऱ्या माणसाने हेल्मेट फिरवून बघितलं, पट्टा ओढला, पास झाल्याचं स्टिकर चिकटवलं आणि म्हणाला, जपून ठेवलेलं दिसतंय. दोन दिवस मी ट्रॅकवर फिरले. चांगली फिरले की वाईट, ते इथे सांगायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण सोडली तेव्हा वाऱ्याने मान मागे जात होती आणि हेल्मेट मात्र जागचं हललं नाही. तेव्हा मला एकदम गजराचं घड्याळ आठवलं. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते कुणाला ऐकू गेलं नाही.

परत येताना मी उदगीरला उतरले. काचेवर दोन दिवसांचे किडे चिकटून वाळले होते. ते अप्पांना दाखवायची शरम वाटत होती, कारण काचेवर एक ठिपका दिसला तरी ते ओल्या फडक्यासाठी आक्कांना हाक मारायचे. दुष्काळातसुद्धा तेवढं वाटीभर पाणी ते बाजूला काढून ठेवत.

अप्पांनी हेल्मेट हातात घेऊन उजेडाकडे धरलं. पहिला प्रश्न, "पडलं का?"

"नाही अप्पा."

"तू?"

"मीही नाही."

आक्का वाटी आणि फडकं घेऊन आल्याच होत्या. अप्पांनी हात आडवा केला. "र्‍हाऊ दे ते किडे," ते म्हणाले. "चेन्नईचे हायत."

मी म्हटलं, "अप्पा, पुढच्या साली आपण दोघं जाऊ. मी तिकिटं काढते." ते हसले आणि काहीतरी बोलले, पण हो म्हणाले नाहीत. तोवर त्यांचे गुडघे गेले होते. मोपेडवर चढायलाही त्यांना पायरी लागायची. माझं पडलेलं हेल्मेट त्यांनी हातोडीने फोडून, त्याचे आडवे दोन भाग करून दुकानात दर्शनी टांगलं होतं, आतलं दबलेलं थर्माकोल गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. जिथे दबलं होतं तिथे अंगठा बसेल एवढा खळगा होता.

त्यानंतर मी वर्षा-दोन वर्षांनी उदगीरला जात राहिले. जिल्हा झाला नाही, पाटी तशीच राहिली. शेवटची गेले तेव्हा अप्पा खुर्चीतच बसून होते. एक पोरगेला माणूस नव्या मोटरसायकलसाठी हेल्मेट बघत होता, डोक्याला दस्ती बांधून. त्याची नजर अप्पांच्या पायाशी फरशीवर ठेवलेल्या काळ्या हेल्मेटवर गेली. काचेवर किडे तसेच होते.

"हे काय वं अप्पा, एवढं घाण?"

"ट्रॅकवर जाऊन आलंय ते," अप्पा म्हणाले. "चेन्नईच्या."

"आन् तुमी?" तो हसायला लागला. "तुमी गेलताव व्हय ट्रॅकवर?"

 अप्पांनी खाली वाकून हेल्मेटचा पट्टा हातात घेतला आणि दोन कड्यांतून घालून पुन्हा काढला. पाटीवर जिल्हा लिहिणारा हा माणूस, पण यातलं एक अक्षर खोटं त्यांच्या तोंडून निघेना. आक्का आतल्या दारात उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हाव, गेलते," मी म्हणाले. "म्या बघितलंय."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. पट्टा सोडला, घसा साफ केला आणि त्या माणसाला म्हणाले, "आधी दस्ती काढ."